कुमुदताईंच्या झाडाचा अर्ज

कुमुदताई,

तुम्ही गेल्यानंतर माझ्याकडे आलेला पहिला अर्ज तुमच्याच झाडाचा आहे. आपल्या संस्थेचे सचिव भास्करराव घरी आले, बूट काढायला नकोत म्हणून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "ताईंच्या नावाचं झाड लावायचं कमिटीने ठरवलंय. कुरणातच, शरदरावांच्या ओकशेजारी. ताईंच्या अनघाची पण तीच इच्छा आहे. थंडी आहे तोवरच लावता येतं, तेव्हा कौन्सिलला अर्ज लगेच जायला पाहिजे. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

शेवटचे वाक्य खरे असल्यामुळे मी होकार दिला. नंतर टेबलाशी बसलो, वर नगर कौन्सिलच्या पार्क खात्याचे नाव घातले, खाली विषय लिहिला आणि तिथेच अडकलो. विषयाच्या पुढे लेखणी जाऊ नये असे माझ्या बाबतीत पूर्वी घडलेले नाही. संगमनेरच्या तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसत होतो तेव्हा नाही आणि इथे लेस्टरमध्ये लोकांचे पार्किंगचे दंड, शाळांची अपिले, व्हिसाची गाऱ्हाणी लिहू लागलो तेव्हाही नाही. माझे शिक्षण बारावीच्या अलीकडेच थांबले हे जगजाहीर आहे. परंतु अर्ज ही वेगळी विद्या आहे, आणि तुमच्या झाडाच्या अर्जात ती मला उपयोगी पडेना, कारण त्या कुरणात आणखी झाड नको म्हणून तुम्ही माझ्याशी भांडला होतात.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे तुमचा जीवनपरिचय मागितला होता. तो भास्करराव देतील, त्यांच्याकडे सर्व माहिती आहे. मी तुम्हालाच उद्देशून लिहितो आहे. आपला वाद अर्धा राहिला, आणि आता दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागत आहेत. ही अडचण तुम्हाला समजेल.

आपली ओळखही हरकतीच्या अर्जानेच झाली. वसाहतीमागचा ओढा, त्याच्या कडेची ती चिखलाची जागा आणि तिथे मोटारी उभ्या करण्याचा बेत, हे सगळे तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सांगितले. मी त्याच दुपारी मसुदा तयार केला. तुम्ही चष्मा लावून वाचलात आणि म्हणालात, "किती वेळा ‘हंबली’ लिहिलंय हो? आपण हरकत घेतोय की भीक मागतोय?"

"ताई, नम्रता हे अर्जाचं वंगण असतं."

"मग वंगण ठेवा थोडं. पण आत इंजिनही घाला."

मी घातले. मोटारी आल्या नाहीत, कुरण राहिले, आणि त्याची देखभाल करायला आपली संस्था उभी राहिली. संस्था तुम्ही स्थापन केली असे सर्वजण म्हणतात व ते योग्यच आहे. ती माझ्या अर्जाच्या पायावर उभी आहे हे तुम्ही एका वार्षिक सभेत स्वतः सांगितले होते, त्याचीही इथे नोंद असावी. त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाही. "काय अर्जदार, आज कोणाच्या विरुद्ध?" असे विचारायचात. सुरुवातीला मला ते झोंबत असे. आता ती हाक मारणारे कोणी उरले नाही.

झाडांची कल्पना कोणाची होती हे आज कोणी सांगत नाही. तेव्हा प्रत्येकजण ती आपलीच म्हणत होता. ज्यांचे आईवडील तिकडे वारले आणि ज्यांना वेळेवर जाता आले नाही, त्यांनी इथे एक झाड लावावे, खाली नावाची छोटी लाकडी पाटी असावी. कौन्सिल खूश, वर्तमानपत्रात फोटो, शाळेची मुले खड्डे खणायला. तुम्हीही खूश होतात, हे मी मुद्दाम लिहितो. तुमचे शरदराव त्याच वर्षी गेले होते आणि पहिले झाड, तो ओक, तुम्ही स्वतः लावला. माझे वडील गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी इथल्या गृहखात्याकडे पडलेला होता. फोनवर भावाने अग्नी दिल्याचे सांगितले आणि मी इथे भिंतीकडे बघत ऐकले. वडिलांसाठी मी पाइन निवडला. इथल्या हिवाळ्यात बाकीची झाडे उघडी पडतात. पाइन हिरवा राहतो. वडिलांना थंडी सोसत नसे.

सर्वपित्रीला सगळी कुटुंबे डबे घेऊन कुरणात येऊ लागली. तुम्ही फाटकाशी कापडी पिशवी घेऊन उभ्या असायचात. "घास झाडाखाली ठेवायचा नाही. उंदीर येतात. तुम्हीच खा, पोचेल त्यांना." एका आजींनी विचारले, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? तुम्ही म्हणालात, "चॅरिटीच्या नियमावलीत." आजींनी मुकाट्याने वडा खाल्ला.

मग निसर्गरक्षणाच्या एका मोठ्या संस्थेतली बाई आली. गवत, किडे आणि पाणथळ जागा तपासणे हेच तिचे काम होते. दिवसभर गुडघाभर चिखलात हिंडली. जाताना तुमच्याशी फाटकापाशी बराच वेळ बोलली. मी लांबून पाहत होतो. तुम्ही परत आलात तेव्हा चेहरा असा होता की कोणी आपल्याच घरात आपल्याला बसा म्हणावे.

"काय म्हणाली?"

"वेरी वेल मेन्ट, म्हणाली."

"मग चांगलंच की."

"चांगलं नाही, अर्जदार. इंग्रज माणूस वेल मेन्ट, हेतू चांगला, म्हणतो तेव्हा वाट लागलेली असते."

तुम्ही मला समजावलेत. ही जागा मुळात झाडांची नव्हती, पाण्याची होती. त्या उथळ डबक्यांत बेडूक अंडी घालत, चिखलात पिवळी फुले येत, लांब चोचीचे पक्षी थंडीत उतरत. आपण वाचवली ती ही जागा. मग आपणच तिच्यात झाडे लावली, आणि झाडे पाणी पिऊन टाकू लागली. मोटारींनी जे केले असते ते आपण हळूहळू, प्रेमाने, पाट्या लावून करत होतो. हे शब्द तुमचे आहेत. मला ते तेव्हा फार लागले होते.

कमिटीच्या सभेत तुम्ही अध्यक्ष म्हणून निम्मी झाडे काढण्याचा ठराव मांडलात. त्यात शरदरावांचा ओक होता. सभेत आवाज चढले. मी उठून म्हणालो की संस्था माणसांनी बनते, बेडूक वर्गणी भरत नाहीत. लोक हसले. तुम्ही हसला नाहीत.

"कौन्सिलचं लक्ष नव्हतं म्हणून आपण संस्था काढली," तुम्ही म्हणालात. "आता आपलं लक्ष नाही, तर आपल्यावर कोणी संस्था काढायची?"

तो प्रश्न मी घरी नेला. सरकार चुकले तर त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो. कंपनी चुकली तर हरकत घेता येते. चार भली माणसे एकत्र येऊन, रविवार मोडून, स्वतःच्या हाताने चुकली तर अर्ज कोणाच्या नावे लिहावा? पर्यावरणाच्या संस्था नसत्या तर ह्या देशातले निम्मे ओढे नळात गेले असते असे मी लोकांना सांगत असतो, आणि ते मला मान्यच आहे. परंतु संस्थेने वाचवायचे ते नक्की काय, जागा की जागेवर जडलेला आपला जीव, हे मला तेव्हाही उलगडले नाही आणि आज तर मुळीच नाही.

उलगडले नाही तरी मला लिहिता येते. मी झाडे वाचवण्याचा विनंतीअर्ज लिहिला. दिवाळीच्या कार्यक्रमात हॉलच्या दाराशी टेबल मांडून सह्या घेतल्या. माझ्या आयुष्यातला तो उत्कृष्ट मसुदा आहे, आजही माझे हेच मत आहे. लोक वाचून डोळे पुसत होते. रांगेत तुम्ही दिसलात. मला वाटले, ताई वाद घालायला आल्या. तुम्ही पेन मागितलेत आणि सही केलीत.

"ताई, हा तुमच्याच ठरावाच्या विरुद्ध आहे."

"वाचता येतं मला. ही सही शरदच्या बायकोची आहे. अध्यक्षांचं मत वेगळं आहे, ते सोमवारी मीटिंगमध्ये सांगते. बटाटेवडे संपले का?"

सोमवारी खरोखर सांगितलेत. कौन्सिलने अर्जाचे म्हणणे मानले, झाडे राहिली, आणि लोकांनी मला शाल दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ती सही तुम्ही का केलीत हे मी त्यानंतर कितीदा तरी विचारणार होतो. प्रत्येक वेळी वाटे, विचारले तर ताई ती परत घेतील. कागदावरची सही परत घेता येत नाही हे मला माहीत असूनही वाटे.

त्यानंतर तुम्ही हरल्यासारख्या वागला नाहीत. दर रविवारी खुरपे घेऊन उरलेल्या ओल्या तुकड्यात जायचात आणि झाडांच्या बियांतून उगवलेली रोपे हाताने उपटायचात. मला एकदा रबरी बूट आणून दिलेत. "अर्ज चिखलात उतरत नाहीत, अर्जदार उतरू शकतो." मी बूट ठेवून घेतले. सुनंदा, माझी बायको, ते बागेत फुलझाडांना पाणी घालताना वापरते.

दवाखान्यात सुनंदाचीच ड्यूटी होती म्हणून मला भेटीची वेळ संपल्यावरही थोडे बसता आले. तुम्हाला बोलताना धाप लागत होती. वाटले, ताई आता काही सांगतील. तुम्ही विचारलेत, "तुमच्या वडिलांचा पाइन कसा आहे?"

"छान आहे. उंच झालाय."

"हो, उंच झालाय," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे असे बघितलेत की मी विषय बदलला. मी कौन्सिलच्या नव्या अर्जपद्धतीविषयी बोलू लागलो. ती पद्धत खरोखर वाईट आहे, पण ती वेळ तिची नव्हती. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. झाड लावा किंवा लावू नका, काहीच म्हणाला नाहीत.

म्हणून अर्ज अडकला. अध्यक्षांना विचारावे तर त्या नको म्हणाल्या असत्या. शरदरावांच्या बायकोला विचारावे तर तिने सही करून ठेवली आहे.

अनघा लीड्सहून आली तेव्हा मी तिला घेऊन कुरणात गेलो. अर्जाला जागेचा नकाशा जोडावा लागतो, असे तिला सांगितले. ते खरेही आहे. तुमची मुलगी तुमच्यासारखीच चालते, पुढे झुकून, कोणीतरी दार बंद करत असल्यासारखी. नोकरीवर जायचे बूट घालून आली होती. रात्री दव गोठले होते आणि गवत अजून पांढरे होते.

"बाबाचा ओकच्या बाजूला पाहिजे, काका," ती म्हणाली. "आई एकटी नको. दोघं एकत्र असला तर मुलांना दाखवता येतं. हे आजी, हे आजोबा."

ओकच्या एका बाजूला दुसऱ्या कुटुंबाचे झाड आहे. दुसऱ्या बाजूला एकच मोकळी जागा होती. अनघा तिथे पाय ठेवायला गेली आणि घोट्यापर्यंत पाण्यात गेली. शिवी तिने इंग्रजीत दिली, ती इथे देत नाही. मी हात दिला. तेवढ्यात ती वाकली.

"काका, हे काय आहे? इट्स लाइक साबुदाणा."

बेडकांची अंडी होती. पाण्यावर मोठा लगदा, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. ती हसली, मग तशीच वाकलेली रडू लागली. मला अशा प्रसंगी काय करावे ते समजत नाही. मी नकाशाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"ह्याच्यासाठी आईने सगळ्यांशी भांडण केला?"

"हो."

"आणि तुम्ही तिच्या अगेन्स्ट होता."

"हो. आणि तुझ्या आईने माझ्या अर्जावर सही केली होती."

मी तिला सहीची हकीकत सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. तिने नाक पुसले आणि म्हणाली, "टिपिकल. मग आता तिला काय हवं, तुम्हाला काय वाटतं?"

ताई, माझ्याकडे मत मागायला लोक बसने येतात. मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाळ."

ती पुन्हा पाण्यावर वाकली. मग तिनेच विचारले, "पण ह्या बाजूचे पांढरे का आहेत?"

मी तोवर पाहिले नव्हते. लगद्याचा एक भाग काचेसारखा स्वच्छ होता आणि ठिपके काळेभोर होते. दुसरा भाग दुधासारखा पांढरा पडला होता. त्या बाजूला पाण्यावर अजून बर्फाचा पापुद्रा होता. एक बाजू उन्हात होती, दुसरी सावलीत. उन्हातली जिवंत होती, सावलीतली गोठून मेली होती. ओकला तर एकही पान नव्हते, त्याची सावली ती किती असणार? मी सावलीची रेघ धरून मागे वळलो. माझ्या वडिलांचा पाइन होता. उंच, दाट, भर थंडीत हिरवागार.

तुम्ही ठरावातल्या झाडांना निळ्या फिती बांधल्या होत्यात. शरदरावांच्या ओकला होती. ओढ्याकाठच्या अनेकांना होती. पाइनला नव्हती. मला ते तेव्हाही ठाऊक होते, आणि मी असे समजलो होतो की पाइनचा काही उपद्रव नसेल. तुम्ही तर त्या पाण्यात दर रविवारी वाकून काम करत होतात. सावली कुणाची हे तुम्हाला दिसत नव्हते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तुम्ही माझ्यासाठी तो सोडलात की केवळ राहून गेला? सोडला असेल तर मी उपकार मानू की, ज्या अध्यक्षांनी स्वतःच्या नवऱ्याचे झाड सोडले नाही त्यांनी माझ्यापुरते तत्त्व वाकवले म्हणून रागावू? दवाखान्यात तुम्ही पाइनची चौकशी केलीत, ती माझ्या वडिलांची होती की ह्या पाण्याची?

अनघाला मी ह्यातले काही सांगितले नाही. ती ओल्या बुटांनी उभी होती. शेवटी म्हणाली, "काका, इथे नका लावू. इथे काही नको. तसंच लिहा ना."

"काही नको असा अर्ज नसतो."

"तुम्ही लिहिला तर असेल."

हे बोलणे अगदी तुमचे होते. मी घरी आलो आणि अर्ज एका बैठकीत पुरा केला. विषय: कैलासवासी कुमुदताईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ ओकशेजारील पाणथळ जागेत कोणतेही झाड न लावण्याची परवानगी मिळणेबाबत. ‘हंबली’ एकदाच घातले आहे. भास्कररावांना वाचून दाखवला तेव्हा ते मिशी चोळत म्हणाले, "म्हणजे ताईंच्या नावाने काहीच नाही? पाटी कुठे लावणार?" मी म्हणालो, ताईंचे नाव ओकखालच्या पाटीवरच वाढवता येईल, दोघे एकत्र राहतील. ते म्हणाले, "लोक काय म्हणतील, अध्यक्षांसाठी साधं झाड नाही लावलं?" अनघाने फोनवरून त्यांना सांगितले, "लोकांना साबुदाणा दाखवा, काका." त्यांना ते कळले नाही, पण त्यांनी सही केली.

कौन्सिलच्या बाईंचे उत्तर आले आहे. झाड न लावण्यासाठी परवानगीची आवश्यकता नसते, असे त्यांनी सौजन्याने कळवले. मी त्यांना पुन्हा लिहिले की आवश्यकता नसली तरी नोंद आवश्यक आहे, कारण उद्या कोणीतरी भल्या मनाने तिथे खड्डा खणेल. त्यांनी नोंद घेतली आहे. तुमच्यासाठी कोणी इतके कमी मागितले नसेल आणि मला कोणत्याही अर्जाने इतके दमवलेले नाही.

पाइनविषयी त्यात एक परिच्छेद होता. तो मी पाठवण्यापूर्वी काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. भावाला फोन केला होता. तो म्हणाला, दादा, झाड तोडलं म्हणून वडील दुसऱ्यांदा जात नाहीत. तो संगमनेरला राहतो, त्याला रोज त्यांच्या घरात झोपता येते, त्याला असे बोलणे सोपे आहे. सुनंदा म्हणते, नुसत्या फांद्या छाटून बघा. तुम्ही काय म्हणाला असतात ते मी दोन्ही बाजूंनी लिहून पाहिले. दोन्ही मसुदे उत्तम उतरले आहेत आणि एकमेकांच्या संपूर्ण विरुद्ध आहेत.

येत्या रविवारी मी कुरणात जाणार आहे. पांढरी पडलेली अंडी तशीच राहू द्यायची असतात की काढायची असतात, हे मला कोणाला तरी विचारावे लागेल. पाइनचा निर्णय झालाच, तर नियमाप्रमाणे तो प्रथम अध्यक्षांना कळवायला हवा. तशी आता काही सोय नाही, एवढीच अडचण आहे.